मोठा टर्बो बसवताय? मग पाण्याच्या नळ्यांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी! आज थेट टेबलावरच येऊ.

[दोन टर्बो कॅमेऱ्यासमोर]

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर चालणारा हवेचा पंप: एका टोकाला धुराने फिरणारी टर्बाईन, दुसऱ्या टोकाला इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर, आणि दोघांना जोडणारा दांडा, म्हणजे शाफ्ट. हे दोन टर्बो बघा. दोन्हींचा मधला भाग, म्हणजे शाफ्ट पेलणाऱ्या बेअरिंगचं घर, बेअरिंग हाऊसिंग, नीट बघा. डावीकडच्याला चार तोंडं आहेत. वरून तेल आत, खालून तेल बाहेर, आणि दोन्ही बाजूंना एकेक पाण्याचं तोंड. उजवीकडच्याला फक्त तेलाची दोन. मोठा टर्बो घ्यायचं ठरलं की वाद सुरू होतो तो इथूनच. एक जण सांगतो, पाण्याचाच घे, नाहीतर महिन्याभरात जळेल. दुसरा म्हणतो, रेसच्या गाड्यांत कुठे असतं पाणी, उगाच नळ्यांचा पसारा.

आधी एक गैरसमज दूर करू. हे पाणी, म्हणजे इंजिन गार ठेवणारं तेच कूलंट, तुम्हाला एकही हॉर्सपॉवर देत नाही. ते इंजिनात जाणाऱ्या हवेला शिवतसुद्धा नाही. हवा तापते ती कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाते म्हणून. बाहेर 25 अंश असेल आणि कॉम्प्रेसर हवेचा दाब दुप्पट करत असेल, तर अगदी चांगल्या कॉम्प्रेसरमधूनही ती 110 ते 120 अंशांवर बाहेर पडते. तिला गार करणं हे इंटरकूलरचं काम. बेअरिंग हाऊसिंगमधलं पाणी त्या हवेच्या वाटेत येतच नाही. तसंच, इंजिनात पाणी किंवा मिथेनॉल फवारायची जी पद्धत आहे, ती पूर्ण वेगळी गोष्ट. ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये ती 1962 सालीच होती. नावात पाणी आहे म्हणून लोक दोन्ही एकत्र करतात.

मग पाणी करतं काय?

गाडी जोरात चालू असताना खरं सांगायचं तर फारसं काही नाही. टर्बाईनच्या बाजूला पेट्रोल इंजिनाचा धूर 900 ते 1000 अंशांवर आदळतोय, शाफ्ट मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतोय, छोटे टर्बो तर दोन लाखांच्या पुढे जातात. त्या वेळी बेअरिंग वाचवतं ते तेल. तेल सतत वाहतंय, बेअरिंगची उष्णता उचलून संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, नेतंय, मागून नवं तेल येतंय. जोवर तेल वाहतंय, तोवर दोन्ही टर्बो खुशाल.

आता तुम्ही गाडी लावता आणि इंजिन बंद करता. तेलाचा पंप थांबला. दाब शून्य. बेअरिंगमध्ये थोडंसं तेल अडकून राहिलं, आणि शेजारी टर्बाईन हाऊसिंग नि मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर टर्बोपर्यंत आणणारा पाइप, दोन्ही अजून लालभडक. ती सगळी उष्णता आता जाणार कुठे? लोखंडातून सरकत मधल्या भागात. म्हणून बेअरिंग हाऊसिंगचं तापमान इंजिन बंद केल्यावर आधी वर चढतं, आणि मग कितीतरी वेळाने उतरू लागतं. पाण्याचं खरं काम या अर्ध्या तासात आहे.

[जुना शाफ्ट जवळून]

हा बघा. असल्याच एका टर्बोतून काढलेला शाफ्ट. टर्बाईनच्या बाजूची ही खाच, जिथे पिस्टन रिंग बसते, तिच्यात काळा थर दिसतोय? नखाने निघत नाही. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तर खपल्या पडतात, कोळशासारख्या कडक. हे अडकून राहिलेलं तेल, जागच्या जागी भाजून घट्ट झालेलं. एकदा भाजल्याने टर्बो जात नाही. पण रोज थोडा थोडा थर चढतो. मग तेलाची बारीक भोकं अर्धी बुजतात, रिंग खाचेत चिकटते, सायलेन्सरमधून निळा धूर दिसायला लागतो, आणि एक दिवस शाफ्ट हलवून बघितला तर तो खुळखुळतो. लोक म्हणतात, "टर्बो भंगार निघाला."

आता पाण्याची गंमत, आणि मला यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच. इंजिन बंद झालं की पाण्याचा पंपही थांबतो. मग पाणी वाहतं कसं? आपोआप. हाऊसिंगमधलं पाणी तापलं की हलकं होतं आणि वरच्या नळीतून वर चढतं, त्याच्या जागी खालच्या नळीतून गार पाणी येतं. पंप नाही, वीज नाही. याला थर्मोसायफन म्हणतात. पण त्याची अट एकच: परतीची नळी टर्बोपासून सतत वर चढत गेली पाहिजे. मध्ये कुठे खाली वाकली, की तिथे वाफेचा बुडबुडा अडकतो आणि खेळ खलास. नळ्या जोडल्यात, खर्च झालाय, आणि फायदा शून्य.

सुबारूच्या जुन्या डब्ल्यूआरएक्समध्ये हे फार सुबक जमवलंय. टर्बोतून निघालेलं पाणी त्याच्याहून उंचावर बसवलेल्या कूलंटच्या टाकीत जातं. म्हणून त्या गाडीचा टर्बो बदलताना ती टाकी 'जागा अडवते' म्हणून काढून टाकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. बीएमडब्ल्यूने एन54 इंजिनात दुसरी वाट धरली. पाण्याचा पंपच विजेवरचा, त्यामुळे गाडी बंद केल्यावरही तो गरज पडली तर चालू राहतो. गाडी लावून निघालात आणि बॉनेटखालून घूंऽऽ असा आवाज येतोय, तर घाबरू नका, तो बहुधा हाच.

आणि आता उलट बाजू. 1975 ची पोर्शे 911 टर्बो घ्या. अख्खं इंजिनच हवेवर गार होणारं, गाडीत कूलंटचा थेंब नाही. टर्बो फक्त तेलावर. गाड्या चालल्याच ना? डिझेल ट्रकमधले होल्सेटचे टर्बो, उदाहरणार्थ एचएक्स35, तेही बिनपाण्याचे. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा बराच थंड असतो, आणि हाऊसिंगही तेलावर भागेल अशा हिशेबानेच बनवलेलं असतं. म्हणजे बिनपाण्याचा टर्बो हा काही अर्धवट टर्बो नव्हे.

गडबड होते ती तिसऱ्याच प्रकारात. टर्बो पाण्यासाठी बनवलेला आहे, पण 'नळ्या कुठे फिरवत बसू' म्हणून कोणीतरी ती दोन तोंडं बूच मारून बंद करतो. हे करू नका. विशेषतः बॉल बेअरिंगचा, म्हणजे शाफ्ट बारीक गोळ्यांवर फिरणारा टर्बो असेल तर अजिबात नको. साध्या जर्नल बेअरिंगमधून, जिथे शाफ्ट नुसत्या तेलाच्या थरावर फिरतो, तेल भरपूर वाहतं, तेच त्याला गारही ठेवतं. बॉल बेअरिंगला मुद्दाम तेल कमी देतात, बहुतेकदा बारीक भोकाचा रेस्ट्रिक्टर लावून. तेल कमी म्हणजे उष्णता उचलणारा माणूस कमी, ती उणीव पाण्याने भरून काढायची असा कंपनीचा हिशेब. त्यातून पाणी काढून घेतलंत तर तो हिशेबच बिघडला.

तर निवड कशी करायची? गाडी फक्त ट्रॅकवर किंवा ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीला, जात असेल, प्रत्येक फेरीनंतर कोणीतरी ती नीट गार करूनच बंद करत असेल, तर बिनपाण्याचा जर्नल बेअरिंगचा टर्बो चालेल, नळ्याही कमी. रोजची गाडी असेल, हायवेवरून उतरून थेट लावून किल्ली काढणार असाल, तर पाण्याचाच घ्या. टर्बो टायमर लावून इंजिन दोन मिनिटं चालू ठेवता येतं, पण त्याहून चांगला उपाय फुकट आहे: शेवटचे दोन-तीन किलोमीटर बूस्टमध्ये न जाता, म्हणजे टर्बोला हवेचा दाब वाढवायला न लावता, हळू चालवा.

बसवताना काय बघायचं, ते भराभर सांगतो. पाणी आत खालच्या बाजूने, बाहेर वरच्या बाजूने. दोन्ही तोंडं एका पातळीत येत असतील तर मधला भाग वीसेक अंश फिरवून परतीचं तोंड वर आणा, थर्मोसायफन चांगलं चालतं. पण तेलाचं उतरतं तोंड जवळजवळ सरळ खालीच राहिलं पाहिजे, कारण टर्बोतून तेल दाबाने नाही, स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. ते तुंबलं की नव्याकोऱ्या टर्बोतूनही तेल गळतं, आणि दोष पाण्याच्या माथी मारला जातो. टर्बाईनजवळ रबरी होज नको, तिथे धातूची नळी आणि वर हीट स्लीव्ह, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण. बँजो बोल्टचे, म्हणजे नळी जोडणाऱ्या आतून पोकळ बोल्टचे, वॉशर दर वेळी नवे. आणि सुबारूसारख्या काही गाड्यांत तेलाच्या बँजो बोल्टमध्ये इवलीशी जाळी असते. ती तुंबली तर बेअरिंग तेलावाचून मरतं, तिथे पाणी काहीही वाचवू शकत नाही.

एवढ्या सगळ्यात एक विसरू नका. टर्बो मोठा केला किंवा बूस्ट वाढवला की मरायची कारणंही बदलतात. निसान स्कायलाईनच्या आरबी26 इंजिनाचंच बघा. मूळ टर्बोंमध्ये सिरॅमिकची टर्बाईन होती, हलकी आणि चपळ. बूस्ट वाढवला की ती तुटायची. तिथे पाणी होतं, तेल होतं, सगळं होतं. टर्बाईनच तेवढी सोसणारी नव्हती.

सगळं जोडून झालं, की पहिल्या चांगल्या फेरीनंतर गाडी बंद करा, बॉनेट उघडा आणि थांबा. टाकीचं झाकण उघडायचं नाही, गरम कूलंट अंगावर येईल. फक्त जाड हातमोजा घालून पाण्याच्या दोन नळ्यांना, टर्बोपासून हातभर लांब, हळूच हात लावा. पाच-सात मिनिटांनी परतीची नळी दुसरीपेक्षा जास्त गरम लागली, तर पाणी आपोआप वाहतंय. फरकच जाणवला नाही किंवा आत गुडगुड ऐकू आली, तर कुठेतरी हवा अडकलीय. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना हवा काढा, टाकीतली पातळी बघा, लागेल तेवढं कूलंट भरा, आणि परत एकदा तेच करून बघा.