ई-चलानच्या नावाने आलेली एपीके

नमस्कार. मालवेअर, म्हणजे फोन-संगणकात शिरून नुकसान करणारी ॲप्स, या विषयाचा पसारा मोठा आहे. आज त्यातल्या एकाच प्रकाराबद्दल बोलतो, कारण तो थेट आपल्या बँक खात्यापर्यंत पोचतो आणि वेळेत ओळखला तर पूर्णपणे टाळता येतो.

व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नाव 'आरटीओ ई-चलान', 'पीएम किसान यादी', 'लग्नपत्रिका' किंवा 'केवायसी अपडेट'. नावाच्या शेवटी टिंब आणि 'एपीके' ही अक्षरं. पाठवणारा बरेचदा ओळखीचा असतो: सोसायटीच्या ग्रुपवरचे काका, मामेभाऊ, ऑफिसातला सहकारी. त्यांचा फोन किंवा व्हॉट्सॲप आधीच ताब्यात गेलेलं असतं आणि तिथूनच ही फाइल सगळ्या ग्रुपवर पसरते. त्यामुळे 'अनोळखी माणसाची फाइल उघडू नका' हा सल्ला इथे अपुरा आहे. माणूस ओळखीचा आहे का, यापेक्षा फाइल कसली आहे ते पाहा. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. चलान वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून पाहता येतं. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. पत्रिका वाचायला ॲप बसवावं लागत नाही.

आता फाइलवर बोट ठेवल्यावर काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण सगळा बचाव त्यातच आहे. बोट ठेवल्याबरोबर काहीही बसत नाही. अँड्रॉइड आधी विचारतं, व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप बसवू द्यायचं का? अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपसाठी वेगळी आहे. 'हो' म्हटलं की 'इन्स्टॉल'चं बटण येतं. ॲप उघडलं की एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागितली जाते. मग बरेचदा नोटिफिकेशन वाचण्याची, आणि शेवटी ॲक्सेसिबिलिटीची. म्हणजे फोनचं कुलूप इथे कोणी तोडलेलं नसतं. प्रत्येक दार आपल्याच बोटाने उघडलेलं असतं, आणि त्यातल्या कुठल्याही पायरीवर थांबता येतं.

एसएमएसची परवानगी एवढी महत्त्वाची का? कारण आपली बँक व्यवस्था सिमवर विश्वास ठेवते. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना त्या फोनमधून बँकेच्या यंत्रणेला एक एसएमएस जातो, आणि तो कुठल्या नंबरावरून आला त्यावरून खातं जोडलं जातं. चोराच्या ॲपला तुमच्या फोनमधून एसएमएस पाठवता आला, तर तोच संदेश तुमच्या सिमवरून जातो आणि यूपीआयची नोंदणी चोराच्या फोनवर होते. येणारे ओटीपी परस्पर पुढे पाठवले जातात. ॲपच्या आत बँकेसारखा दिसणारा फॉर्म असतो. त्यात कार्डाचा नंबर आणि पिन भरला की चोराला आणखी काही लागत नाही. ॲक्सेसिबिलिटी त्याहून धोक्याची. ही सोय दृष्टिहीन आणि इतर दिव्यांगांसाठी आहे, पण तिच्या आधारे ॲपला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात.

अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळत नाही. 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' असा अडथळा येतो. तेव्हा बँकेचा किंवा पोलिसांचा 'अधिकारी' म्हणून फोन करणारा भामटा तो कसा काढायचा, प्ले प्रोटेक्ट (धोकादायक ॲप शोधणारी गूगलची सोय) कसं बंद करायचं, हे गोड आवाजात सांगतो. सुरक्षेची सोय बंद करायला सांगणारा माणूस बँकेचा नसतो, पोलिसांचाही नसतो. तिथेच फोन ठेवा.

आज घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' असं शोधा. यादीत व्हॉट्सॲप, क्रोम, टेलिग्राम, फाइल मॅनेजर यांच्यासमोर परवानगी बंद आहे का ते पाहा. मग प्ले स्टोअरमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवून प्ले प्रोटेक्ट उघडा, ते चालू असल्याची खात्री करा आणि एकदा स्कॅन करा. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे आपण स्वतः बसून करून द्यावं. नुसतं सांगून होत नाही. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा, म्हणजे ओटीपी चोरला तरी खातं सहजासहजी दुसऱ्या फोनवर जाणार नाही.

अपडेटबद्दल थोडक्यात. अपडेटमुळे एपीकेची फसवणूक थांबत नाही, पण दुसऱ्या जातीचे हल्ले थांबतात. वॉनाक्राय हे संगणकातल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर जगभर पसरलं १२ मे २०१७ ला. ज्या त्रुटीतून ते पसरलं तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने अपडेटमधून १४ मार्चलाच दिली होती.

आता, ॲप बसलंच तर? बहुतेक लोक व्हॉट्सॲपवरचा संदेश पुसतात आणि निश्चिंत होतात. संदेश गेला तरी ॲप आतच राहतं, आणि अनेकदा त्याचं चिन्हही पडद्यावरून नाहीसं झालेलं असतं. आधी विमान मोड लावा, वाय-फाय वेगळं बंद करा, कारण काही फोनमध्ये विमान मोडमध्येही ते चालू राहतं. सिम काढून दुसऱ्या, स्वच्छ फोनमध्ये घाला. सिमला मालवेअर लागलेलं नसतं, फोनला लागलेलं असतं. त्या दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागचाच घ्या. इंटरनेटवर शोधलेले कस्टमर केअरचे नंबर अनेकदा याच टोळ्यांचे असतात. यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड तिन्ही बंद करायला सांगा. सिम काढलं म्हणजे झालं, असं समजू नका: यूपीआयची नोंदणी चोराच्या फोनवर आधीच झाली असेल, तर ती बँकेलाच तोडावी लागते. पासवर्डही स्वच्छ फोनवरूनच बदला. बाधित फोनवर बदललात, तर नवा पासवर्डही चोराच्या हाती जाऊ शकतो.

मग साफसफाई. पॉवरचं बटण धरून पडद्यावरच्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून ठेवलं, की बऱ्याच फोनमध्ये सेफ मोड येतो. त्यात आपण बसवलेली ॲप्स चालत नाहीत. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत ते शोधा. 'अनइन्स्टॉल' फिकट दिसत असेल, तर ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर ताबा ठेवण्याचा, हक्क घेतलेला आहे. 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स'मध्ये जाऊन तो आधी काढा. कॉल फॉरवर्डिंगही, म्हणजे आपले कॉल दुसऱ्या नंबरावर वळवलेले नाहीत ना, ते तपासा. कॉलवरून येणारा ओटीपी त्या वाटेने जातो. ॲक्सेसिबिलिटी दिली गेली असेल, तर मी फॅक्टरी रीसेटच, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं, सुचवेन. पण त्याआधी पुरावा ठेवा: संदेश, पाठवणाऱ्याचा नंबर, ॲपचं नाव, व्यवहारांचे क्रमांक यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. घाईने रीसेट केलं, तर तपासाला त्या फोनवर काही उरत नाही. आणि नंतर जुने फोटो परत आणताना डाउनलोड फोल्डरमधली ती एपीके सोबत येऊ देऊ नका.

तक्रारीच्या वेळेला पैशांत मोजता येईल एवढं महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिलं: ग्राहकाच्या हयगयीमुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. एपीके बसवणं ही हयगयच, असा मुद्दा बँक मांडू शकते. म्हणून फोनवर तक्रार केल्यावर तिचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, त्याच दिवशी बँकेला ईमेल करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवून तिची पोचपावती जवळ ठेवा.