बांधावरची घोळ, बंदरावरची घोळ

(दृश्य : लक्ष्मीपुरी, रविवारचा बाजार. पोत्यावर मांडलेल्या पालेभाज्यांच्या पेंढ्या.)

"मावशी, घोळ हाय काय?"

हा प्रश्न कोल्हापुरात कुणाला विचारता, त्यावर पिशवीत काय पडणार ते ठरतं. भाजीवाल्या मावशी लालसर देठांची पेंढी पुढं करतील. मासेवाल्या मावशींकडं त्या दिवशी घाटाखालनं तसा माल आला असेल, तर त्या बर्फातनं जाड तुकडी काढतील. दोघींचंही बरोबर.

(दृश्य : शिरोळकडचं काळं रान. उसाच्या सरीत भांगलणाऱ्या बाया. खुरप्याचं पातं जवळून.)

आधी रानातली बघू. लागण झाली, पाणी फिरलं, की सरीच्या कडेनं ही न बोलावता वर येते. खोड गुळगुळीत, तांबूस, जमिनीवर पसरलेलं. पान इवलंसं, चमच्याच्या आकाराचं आणि चिमटीत दाबलं तर पाणी सुटेल इतकं मांसल. शास्त्रीय नाव पोर्तुलाका ओलेरासिया. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं ते नोंदवलं. आपल्या रानात तिची नोंद एकाच रकान्यात होते : तण.

(दृश्य : बांधावर उपटून टाकलेली घोळ. तिच्यावर उमललेलं पिवळं फूल.)

हे नीट बघा. मुळं उघडी पडलीत, खाली ओल नाही, आणि तरी फूल आलंय. खोडात-पानात साठवलेल्या पाण्यावर उपटलेली घोळ बी पिकवू शकते. पाच पाकळ्यांचं फूल ऊन वर आलं की उमलतं, दुपारी मिटतं. मागं राहतं एक बारकं बोंड. पिकलं की त्याचं वरचं टोपण अलगद सुटतं आणि आतनं काळं, रव्याहून बारीक बी सांडतं. एका झाडाचं असं हजारोंनी.

ही चिवट कशी, याचं उत्तर पानात आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. त्यात पाणी उडून जातं. घोळीचं पाणी तुटलं, की ती छिद्रं रात्री उघडायला लागते. घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पानात ठेवायचा आणि दिवसा छिद्रं मिटून तो वापरायचा. शिवाय ऊस आणि मका उन्हाचा जास्तीत जास्त उपयोग करायला जी सी-फोर पद्धत वापरतात, तीही हिच्याकडं आहेच. दोन्ही जमणाऱ्या वनस्पती जगात मोजक्याच. म्हणजे ज्या उसातनं आपण हिला उपटतो, त्या उसाची विद्या हिला येते, वर रात्रपाळीही येते. उन्हाळ्यात पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळच्या घोळीपेक्षा आंबट लागते, ती या रात्रभर साठलेल्या आम्लामुळं.

(दृश्य : फरशीच्या फटीतली नाजूक वेल. बोटानं उचललेलं पेर.)

आणि हीसुद्धा घोळच, लहान घोळ. कुणी चिवळ म्हणतं, कुणी चिघळ. पोर्तुलाका क्वाड्रिफिडा. हिच्या फुलाला पाकळ्या चार, पेरापेरावर पांढरे केस, आणि जिथं पेर टेकेल तिथं मूळ. चवीला झकास, पण निवडायला बसलात तर सकाळ गेली म्हणून समजा.

(दृश्य : मासळी बाजार. ओट्यावर अख्खा घोळ मासा, खवल्यांवर पडलेला उजेड.)

आता पाण्यातली. प्रोटोनिबिया डायकँथस, दीड मीटरपर्यंत वाढणारा समुद्री मासा. मांस पांढरं, जाड, काटा सुटसुटीत. पण याचं नाव झालं ते पोटातल्या हवेच्या पिशवीमुळं. कोळी मंडळी तिला बोत म्हणतात. वाळवलेली पिशवी हाँगकाँग-चीनकडं सुपासाठी जाते. तिच्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनानं बीअर आणि वाइन नितळ करतात. २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या बोटीला १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. २०२३ मध्ये गुजरातनं घोळीला राज्यमासा केलं. महाराष्ट्रानं त्याच वर्षी पापलेटला पसंती दिली. एवढा भाव आला की जाळीही तिकडंच वळतात, आणि मोठा घोळ दुर्मीळ होत चाललाय.

(दृश्य : पाऊस. रिकामा ओटा. मग हिरवागार बांध.)

१ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. नेमक्या त्याच दिवसांत बांधावरच्या घोळीला उधाण येतं. गंमत म्हणजे माशांसाठी नावाजलेलं ओमेगा-३ हे उपयोगी स्निग्धाम्ल या पानांतही आहे. माशाच्या तेलातलं नव्हे, अल्फा-लिनोलेनिक प्रकारचं. पण पालेभाज्यांमध्ये इतकं क्वचितच सापडतं.

(दृश्य : पाठीवर पंप घेतलेला माणूस, सरीतनं चालताना.)

उसात ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, टू-फोर-डी असं तणनाशक मारलं की भांगलणीची मजुरी वाचते. फवारलेल्या रानातली घोळ खायची नसते.

(दृश्य : स्वयंपाकघर. परातीत घोळ, पाण्यात बसलेली माती.)

खुडताना देठ मोडून बघायचा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधी नावाच्या चीक येणाऱ्या तणाच्या जातीचं काहीतरी आहे, टाकून द्या. घोळीतनं नुसतं पाणी येतं. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेतानं खावी, हिच्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं. बाकीच्यांनी माती जाईपर्यंत धुवावी. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, वर चिरलेली घोळ. पाणी घालायचं नाही, तिचं तिलाच सुटतं. झाकण काढून ते आटू द्या, मग हरभऱ्याचं पीठ पेरा. भाकरी तोवर तव्यावर असू द्या.