हा हायड्रोजन जमिनीचाच कशावरून?

[दृश्य : माली. कोरडं माळरान, बोअरचं बंद तोंड]

१९८७. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, बुराकेबुगू गावात पाण्यासाठी बोअर घेतली. शंभर मीटरच्या पुढे गेली तरी पाणी लागलं नाही, वर येत होता नुसता वारा. जवळच कुणाची सिगारेट पेटलेली होती, आणि त्या वाऱ्याने भडका घेतला. बोअर बुजवली गेली. दोन तपांनंतर ती उघडून तपासली, तर त्या वाऱ्यात ९८ टक्के हायड्रोजन! त्यावर इंजिन चाललं, गावात दिवे लागले. आणि वर्षानुवर्षं गॅस काढूनही दाब उतरला नाही.

[दृश्य : हिरवट खडकाचा जवळून तुकडा]

हा गॅस कसा तयार होतो? ऑलिव्हिन या खनिजात लोह असतं. २०० ते ३०० अंश सेल्सिअसला त्यात पाणी शिरलं की लोह पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन सुटतो. मागे उरतात सर्पेंटाइन आणि मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय खनिज). युरेनियम, थोरियमच्या किरणोत्सारानेही पाणी फुटून हायड्रोजन सुटतो, पण सावकाश.

जमिनीत आपोआप तयार झालेल्या अशा हायड्रोजनच्या शोधाची पहिली खूण इथेच मिळते. ताजा ऑलिव्हिनयुक्त खडक जड असतो. तोच बदलून सर्पेंटाइन झाला की हलका होतो, पण मॅग्नेटाइटमुळे चुंबकीय सर्वेक्षणात ठळक उठतो. म्हणून गुरुत्व आणि चुंबकत्व हे दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहायचे. गॅस निसटू नये म्हणून वर न झिरपणाऱ्या खडकाचं झाकण हवंच. मालीत डोलेराइट या कठीण अग्निजन्य खडकाच्या थरांनी ते काम केलं आहे. मिठाचा थर असला तर फारच उत्तम.

[दृश्य : जमिनीत भोक, नळी, हातातलं मोजणीयंत्र]

आता जमिनीवरचं काम. एक मीटर खोल भोक पाडा, नळी सोडा, तोंड ओल्या चिकणमातीने लिंपून घ्या. आधी पंपाने नळीतली हवा काढून टाका, मग आकडा वाचा. हवेत हायड्रोजन असतो दहा लाखांत अर्धा भाग. यंत्राने शेकडो दाखवले की मन हुरळतं. तिथेच थांबा!

भोक पाडताना खडक भरडला जातो, पातं तापतं, ओलावा असतोच. या घर्षणातूनच हायड्रोजन निघतो. म्हणून भोक बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आकडा कोसळला, तर तो गॅस अवजाराचा होता. जवळ गाडी किंवा जनरेटर चालू ठेवू नका, कारण बरेच सेन्सर धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडलाही हायड्रोजन समजतात. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतूनही हायड्रोजन सुटतो. उलट मातीतले काही जिवाणू तो खाऊन टाकतात, त्यामुळे शून्य आकडाही निर्णायक नाही. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात तर हा आकडा दिवसभरात चढतो-उतरतो. एका दुपारची मोजणी आमच्या मते मोजणीच नव्हे. महिनोन्‌महिने गाडून ठेवलेले सेन्सर हवेत.

नमुना रबरी फुग्यात भरला तर हायड्रोजन झिरपून जातो. स्टीलचा सिलिंडर वापरा आणि लवकर तपासा. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायूंचं मिश्रण वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रात, नमुना पुढे नेणारा वाहक वायू म्हणून हेलियम नको, आरगॉन घ्या. हेलियम आणि हायड्रोजनची उष्णता वाहण्याची क्षमता इतकी जवळची, की यंत्राला फरक नीट दिसत नाही.

[दृश्य : ड्रिलिंग रिग, रात्र]

खोल विहिरीत हाच घोटाळा मोठा होतो. तापलेली ड्रिल बिट (खडक कापणारं टोक) आणि विहिरीत सोडलेला पाण्याचा चिखल मिळून हायड्रोजन तयार करतात. जुन्या विहिरीत गंजणारं पोलादी केसिंगही (विहिरीच्या आतला नळ) तेच करतं. तिथे साठलेला गॅस आधी सोडून द्यायचा आणि नवा किती वेगाने भरतो ते पाहायचं.

सुरक्षेत तडजोड नाही. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी तो पेटतो. अंगावरच्या कपड्यांची ठिणगीही पुरते, आणि उन्हात ज्योत दिसत नाही.

[दृश्य : अल्बानिया, खाणीतल्या पाण्यात बुडबुडे]

टक्केवारी ऐकून भुलू नका. फ्रान्सच्या लोरेनमध्ये ११०० मीटरवर १५ टक्के हायड्रोजन मिळाला, पण तो पाण्यात विरघळलेल्या गॅसमधला. अल्बानियातल्या बुल्किझे क्रोमाइट खाणीतून ८४ टक्के शुद्धतेचा गॅस बुडबुडतो, वर्षाला किमान २०० टन हायड्रोजन. एका किलोत ३३ युनिट ऊर्जा धरली तर साधारण ६६ लाख युनिट. वीज त्याहून बरीच कमी. एवढ्यावर शहर चालत नाही.

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या दोन शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये अंदाज मांडला : भूगर्भात सुमारे ५.६ लाख कोटी टन हायड्रोजन असावा. त्यातला बहुतेक फार खोल, फार दूर किंवा फार विखुरलेला आहे. दोन टक्के जरी हाती लागला, तरी जगाची हायड्रोजनची अंदाजित गरज २०० वर्षं भागेल. तो दोन टक्के शोधण्यासाठी ही सगळी खटपट.

[दृश्य : व्हॉल्व्ह, दाबमापक]

शेवटची चाचणी प्रवाहाची. व्हॉल्व्ह उघडून काही दिवस गॅस वाहू द्यायचा, मग बंद करायचा. आता सगळ्यांची नजर दाबमापकावर. काटा पहिल्या खुणेपर्यंत परत चढला, तर खालून भरणा होत आहे, किंवा साठाच मोठा आहे. खाली अडकून राहिला, तर हाती लागला तो एक छोटा कप्पा, आणि तोही आता रिकामा होत चाललेला.