तारेची वई
(लघु माहितीपटासाठी निवेदन)

(दृश्य: मळ्याचा उंचावरून दिसणारा पट्टा, मागे सुरूची रांग)

मे महिन्याचे दिवस. वेंगुर्ले तालुक्यातला हा मळा. सुरूच्या त्या रांगेमागे समुद्र आहे. भुईमूग काढून झालाय. शेंगा घरासमोरच्या खळ्यात वाळत घातल्यात, पाला गोठ्यात गेलाय. मळ्यात राखण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी त्याच्या चारही बाजूंनी रानडुकरांना अडवणारी, विजेचा झटका देणारी तार अजून उभी आहे.

आज ती उतरवायची. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण कोकणात पोचतो. त्याआधी वळवाची एखादी सर येऊन जाते आणि मेरेवरचं, म्हणजे बांधावरचं गवत बघता बघता तारेला टेकतं. टेकलेल्या प्रत्येक पात्यातून करंट जमिनीत उतरत राहतो. शिवाय पीक निघालं की गावची गुरं या कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, मोकळी सुटतात. त्यांच्या पायांत तार यायला नको.

(दृश्य: मेरेवरचा चिखल, खुरांचे ठसे)

हे ठसे बघा. पुढे दोन टोकदार खूर आणि त्यांच्या मागे, जरा बाहेरच्या बाजूला, दोन छोट्या नख्या. रानडुकराचा ठसा. भुईमुगाच्या मळ्यात डुक्कर शिरलं की ते शेंगा शोधत नांगरल्यासारखी जमीन उकरतं. खातं थोडं, उलथून टाकतं फार.

पूर्वी या मळ्याला वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण असायचं. भात कापून झालं की घरातली माणसं कोयते घेऊन डोंगरात जायची. काटेरी फांद्या तोडून आणायच्या, बांबूच्या कामट्यांत दाबायच्या, मेढी पुरून त्यांना आवळून बांधायच्या. दरवर्षी नव्यानं, कारण पावसात सगळं कुजून जायचं. गुरं या वईला अडायची. डुक्कर मात्र खालून मुसंडी मारून आत यायचं, म्हणून मांगरात, म्हणजे मळ्यातल्या खोपीत, कुणीतरी रात्रभर जागं असायचं. डबे वाजवायचे, आरोळ्या द्यायच्या, जाळ करायचा. वई घालायला माणसं लागायची आणि राखणीलाही माणसं लागायची. ती माणसं आता मुंबईत आहेत, गोव्यात आहेत. घराघरांत एक-दोन वयस्क जोडपी उरली. राखण थांबली तशी रब्बीची शेतीही आटत गेली.

(दृश्य: मांगराच्या भिंतीवरचं झटका मशीन, सोलर पॅनेल)

मग हे आलं. गावात सगळे याला झटका मशीन म्हणतात. सोबत १२ व्होल्टची बॅटरी आणि तिला दिवसा चार्ज करणारं सोलर पॅनेल. साधारण सेकंदाला एकदा मशीनमधून टक असा आवाज येतो आणि तारेतून एक ठोका निघून जातो. व्होल्टेज हजारांत असतं, पण तो ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. दुसऱ्या ठोक्याआधी त्याला मागे हटायला वेळ मिळतो.

पहिली तार जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर आहे. डुकराच्या अंगावर राठ केस आणि जाड कातडी, तिथे झटका नीट लागत नाही. त्याचं ओलं नाक मात्र सगळ्यात आधी पुढे येतं, आणि ते याच उंचीवर असतं.

परतीची वाट मातीतून. तारेतून आलेला करंट जनावराच्या पायांतून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळीपर्यंत पोचला, तरच वर्तुळ पूर्ण होतं. आपल्या जांभ्या कातळाची पंचाईत इथेच आहे. उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत असतो आणि झटका फुसका पडतो. म्हणून इथे सळी विहिरीच्या पाटाशेजारी, कायम ओल असते तिथे ठोकली आहे. ज्यांनी कातळावर ठोकली ते सळीच्या बुंध्याला रोज कळशीभर पाणी ओततात.

वनालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. हे सगळं उभं कसं करायचं ते विकणारा सांगतो, मोबाइलवरही बघायला मिळतं. उतरवायचं कसं, हे मात्र शिकवायला कुणी येत नाही. आणि आमच्या मते हे कुंपण टिकतं की भंगारात जातं, ते या उतरवण्याच्या दिवशी ठरतं.

(दृश्य: काका आणि पुतण्या मशीनजवळ)

"मशीन बंद केलंस मां?"

"होय काकानू, बॅटरीची पिनय काढलंय."

तरीही तारेला टेस्टर लावून बघितला जातो. हात त्यानंतरच. मग पिवळे इशाऱ्याचे फलक निघतात. मग वेली. तारेवर चढलेली वेल तशीच गुंडाळली गेली तर ती रिळात सुकते, कुजते, आणि पुढच्या खेपेला तार सुटताना तिथेच अडकते. म्हणून आधी सगळी तार हाताने साफ करायची. कंटाळवाणं काम आहे. वहिनी मेरेवर बसून बोटांनी एकेक तणावा सोडवतायत, एकही तोडून तसाच ठेवत नाहीत.

या मळ्याला दोन प्रकारची तार आहे. तीन बाजूंना पांढऱ्या-नारिंगी प्लास्टिकच्या धाग्यांची दोरी, तिच्यात केसासारख्या बारीक स्टीलच्या तारा विणलेल्या. करंट वाहतो तो त्या बारीक तारांतून. आणि डोंगराच्या बाजूला, जिथून डुकरं उतरतात तिथे, जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार. दोघींची वागणूक वेगळी, म्हणून दोघींचं रीळही वेगळं.

(दृश्य: लाकडी रीळ, जवळून)

हे दोरीचं रीळ फणसाच्या लाकडाचं आहे. गावातल्या सुतारानेच केलंय. मधे जाड कणा, दोन बाजूंना चकत्या, आरपार लोखंडी सळी आणि एक मूठ. कण्याला एक भोक आहे, दोरीचं टोक त्यातून ओवून गाठ मारली जाते. ही गाठ नसेल तर पहिले फेरे कण्यावर घसरत राहतात आणि पुढचं सगळं सैल बसतं.

आता नीट बघा. जवळच्या खांबावरची दोरी सुटली आहे. लांबच्या खांबावर मात्र ती बांधलेलीच आहे. ती तिथेच बांधलेली राहील, अगदी शेवटच्या वावभर दोरीपर्यंत. पुतण्या पुढे जाऊन माणग्याच्या, म्हणजे बांबूच्या, एकेका खुंटावरच्या इन्सुलेटरमधून दोरी अलगद बाहेर काढतो आणि जमिनीवर सोडतो. काका रीळ छातीशी धरून त्याच्या मागून चालत, गुंडाळत जातात. रीळ तारेकडे जातं. तार ओढून रिळाकडे आणायची नाही.

बरेच जण एका जागी उभे राहून दोरी खेचून घेतात. लवकर होतं ते. पण मग दोरीचं लांबलेलं शेपूट जांभ्यावरून, पेंढ्याच्या खुंटांतून, काट्यांतून घासत येतं. प्लास्टिकला काही होत नाही, ते दिसायला शाबूत राहतं. आतली केसाएवढी तार मात्र जागोजाग तुटते. पुढच्या हंगामात मशीन टक टक करत असतं आणि मळ्याच्या टोकाला झटकाच पोचत नाही. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून दोष मशीनला दिला जातो.

(दृश्य: डाव्या हाताची बोटं)

काकांचा उजवा हात मुठीवर आहे. तो काही विशेष करत नाही. खरं काम डाव्या हाताचं. अंगठा आणि पहिलं बोट, मधे जुन्या धोतराच्या कापडाची घडी, आणि त्या घडीतून जाणारी दोरी. ही दोन बोटं ताण देतात आणि दोरीला वाटही दाखवतात. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. भाताची मुडी बांधताना पेंढ्याचा दोर जसा आधीच्या फेऱ्याला खेटून बसवतात, तसा इथला प्रत्येक फेरा शेजारच्याला खेटून बसतो.

मधल्या भागात ढीग होऊ द्यायचा नाही. ढीग झाला की तो कधीतरी कडेला कोसळतो आणि वरचे फेरे खालच्यांच्या बगलेत शिरतात. तेच सैल गुंडाळण्याचं. खालचा थर पोकळ राहिला आणि वर ताण आला, की वरची दोरी खालच्या थरात घुसून बसते. त्या दिवशी काही कळत नाही. डिसेंबरात दोरी सोडायला घेतली की ती मधेच दात धरते.

"सैल सोडलंस तर खाली रुततली," काका पुतण्याला सांगतात. आता रीळ त्याच्या हातात आहे.

वरची तार आधी, खालची नंतर. एका रिळावर एकच. दोन तारा एकदम गुंडाळल्या तर वेळ वाचेल असं वाटतं, पण दोघींचा ताण कधीच सारखा नसतो. सैल असते ती घट्ट असते तिच्याभोवती पीळ घालते.

(दृश्य: सायकलची रिम, लोखंडी तार)

लोखंडी तारेसाठी जुन्या सायकलची रिम. दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या चकत्या ठोकल्यात, मधला आस तोच ठेवलाय. रिम मोठी, म्हणून वळण मोठं. लोखंडी तारेला तिचं वळण लक्षात राहतं. लहान रिळावर आवळली तर सोडल्यावरही ती स्प्रिंगसारखी गोळा होत राहते.

आता एक छोटा प्रयोग. तारेच्या तुकड्याला वहिनींनी लाल चिकटपट्टीचा झेंडा लावला आहे. भेंडोळं जमिनीवर आडवं पडलंय, आणि त्या त्याच्या कडेवरून एकेक वेढा वर उचलून तार काढतायत. झेंड्याकडे बघा. प्रत्येक वेढ्याला तो स्वतःभोवती पूर्ण एक गिरकी घेतो. म्हणजे तारेत एक पीळ पडला. दहा वेढे काढले की दहा पीळ. ते कुठे जाणार? तार जरा सैल पडली की तिथेच तिचा छोटासा फास होतो, आणि वरून ओढ बसली की तो फास कडक मुरड होऊन बसतो. मुरड सरळ केली तरी जस्त तिथे तडकलेलं असतं. आपला खारा वारा नेमका तिथूनच आत शिरतो. कुंपणाची तार गंजून तुटते ती बहुतेक अशा मुरडीवर किंवा पकडीचे दात लागलेत तिथे.

आता तेच भेंडोळं रिमवर, आणि रिम आसावर फिरतेय. तार समोरून सरळ सुटते. झेंडा जसाच्या तसा. गुंडाळतानाही हाच नियम: रीळ फिरलं पाहिजे. उभ्या रिळाभोवती माणसाने तार फिरवायची नाही.

बेड्यावरचे, म्हणजे मळ्याच्या फाटकावरचे, छोटे तुकडे रिळावर घेत नाहीत. ते हातावर गुंडाळतात, पण अंगठा आणि कोपर यांच्याभोवती गोल गोल नाही, कारण तिथेही प्रत्येक वेढ्याला एकाच दिशेचा पीळ बसतो. वहिनी अंगठा आणि करंगळी ताणून आठाचा आकडा घालतायत. एका वळशाला बसलेला पीळ दुसऱ्या वळशाला उलटा होऊन निघून जातो. मधोमध चिंधीची गाठ, झालं.

(दृश्य: गुंता)

हा गुंता गेल्या वर्षीचा, शेजारच्या मळ्यातला. घाईत पोत्यात कोंबलेली दोरी.

पुतण्या टोक धरून ओढायला जातो. "वडू नको, वडू नको. आधी सैल कर."

टोक ओढलं की आतली प्रत्येक गाठ आवळते. आधी गुंता जमिनीवर पसरायचा, हलवून हलवून मोठा करायचा, फास ढिले करायचे. टोक सापडलं तरी घाई नाही. टोकाला रिकामं रीळ बांधायचं आणि मोकळी झालेली दोरी लगेच त्यावर घेत जायची, म्हणजे ती पुन्हा ढिगात जात नाही. फारच अडलं तर कापायचं. जोडताना दोन्ही टोकांतल्या बारीक तारा काढून एकमेकींना पिळायच्या, मग गाठ. नुसत्या प्लास्टिकची गाठ मारली तर तिथे ठिणगी पडत राहते आणि आतल्या तारा जळतात.

या गावाच्या वरच्या अंगाला काही मळे पडीक आहेत. तिथल्या तारा अजून गवतात पडल्यात. आणि काही ठिकाणी लोकांनी तारेत घरातली वीज थेट सोडली. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत.

(दृश्य: खळं, दुपार)

गुंडाळून झालेली रिळं खळ्यात आली आहेत. किनाऱ्याजवळची तार कोरडी दिसली तरी तिच्यावर मिठाचा थर असतो, म्हणून लोखंडी तारेवरून विहिरीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं फिरतं, मग कोरडं. ओल्या अवस्थेत रीळ ठेवायचं नाही. शेवटचं टोक चकतीच्या भोकातून ओवून बांधायचं, वर कापडाची पट्टी. प्रत्येक रिळावर पत्र्याचा तुकडा: कुठल्या मेरेची, वरची की खालची. रिळं माळ्यावर टांगायची, जमिनीवर नाही, कारण उंदीर प्लास्टिक कुरतडतात. खताच्या पोत्यांपासूनही लांब. बॅटरी घरात, आणि पावसाळ्यातही ती मधून मधून चार्ज करायची.

डिसेंबरात हेच रीळ घेऊन उलट्या दिशेने चालायचं. टोक पहिल्या खांबाला बांधायचं, आणि चालता चालता एक तळवा चकतीवर टेकवून ठेवायचा. नाहीतर माणूस थांबला तरी रीळ फिरत राहतं आणि सुटलेली दोरी त्याच्याभोवती पडते. तळव्याचा तेवढा दाब असला की माणूस थांबला की रीळही थांबतं.