गेमनं खोटं कुठे बोलावं?

व्हिडिओ गेममध्ये मजा महत्त्वाची की वास्तव, असं विचारलं की सभागृहात लगेच दोन तट पडतात आणि पुढे कोणी कोणाचं ऐकत नाही. खरं तर प्रत्येक गेम खोटं बोलतो, अगदी सिम्युलेटर म्हणवणारासुद्धा. कोणतं खोटं खेळणाऱ्याला हात देतं आणि कोणतं त्याला फसवतं, हे पाहायला हवं.

उडीपासून सुरुवात करू. माणूस जागच्या जागी अर्धा मीटर उडाला तर वर जायला साधारण ०.३२ सेकंद लागतात, खाली यायला तेवढेच, आणि मधे हवेत दिशा बदलता येत नाही. हेच गणित प्लॅटफॉर्म गेममध्ये, म्हणजे कडांवरून उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये, जसंच्या तसं घातलं तर पात्र ढिम्म वाटतं. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये पात्राच्या हालचालींचा कोड निर्मात्यांनी खुला केलेला आहे, तो जरूर वाचा. कडेवरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मारता येते. याला कायोटी टाइम म्हणतात. उडीच्या माथ्यावर वेग सेकंदाला ४० पिक्सेलच्या आत आला आणि बटण दाबलेलंच असलं, तर गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, म्हणजे कुठे उतरायचं ते ठरवायला क्षणभर जास्त वेळ मिळतो. डोकं कोपऱ्याला जेमतेम अडकत असेल तर पात्राला ४ पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून वर सोडलं जातं. भौतिकशास्त्राच्या पेपरात या तिन्हींना शून्य गुण. पण खेळणाऱ्याच्या मनात उडी कडेवरूनच मारलेली असते. बोट आणि स्क्रीन मागे पडतात. गेम त्याचा हेतू मान्य करतो.

कायोटी टाइमचा कोड स्वतः लिहायचा असेल तर पात्र जमिनीवर असेपर्यंत एक घड्याळ ०.१ वर धरून ठेवा. जमीन सुटली की ते उतरू द्या, शून्याच्या वर असेल तर उडी मान्य करा, आणि उडी मारताक्षणी ते शून्य करा. ही शेवटची ओळ राहिली की पात्र हवेतल्या हवेत दुसरी उडी मारतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सेकंदांऐवजी फ्रेम, म्हणजे स्क्रीनवर एकामागून एक येणारी चित्रं, मोजणं. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असताना, ६ फ्रेम म्हणजे ०.१ सेकंद, गेम सेकंदाला १४४ फ्रेमने चालला की त्याच ६ फ्रेम ०.०४ सेकंदात संपतात. महागडा मॉनिटर घेणाऱ्यालाच गेम अवघड! आणि सवलत फार वाढवू नका, नाहीतर पात्र उघड उघड हवेत चालताना दिसतं.

आकड्यांचंही तसंच. नेम लागण्याची शक्यता ९० टक्के म्हटलं की आपण ते ‘नक्की’ असं वाचतो, आणि नेम चुकला की गेमवर चिडतो. २००२ च्या ‘फायर एम्ब्लेम: द बाइंडिंग ब्लेड’ या डावपेचांच्या गेममध्ये एकाऐवजी दोन यादृच्छिक (कशाही येणाऱ्या) संख्या काढून त्यांची सरासरी घेतली जाते, आणि ती दाखवलेल्या टक्क्यांच्या खाली असली तर नेम लागतो. त्यामुळे दाखवलेले ९० टक्के प्रत्यक्षात सुमारे ९८ होतात, आणि १० टक्के सुमारे २. आपल्याला जसं वाटतं तसंच घडतं.

उलट, शर्यतीच्या गेममध्ये मागे पडलेल्या गाड्यांना गुपचूप वेग देणं हे मला वाईट खोटं वाटतं. उत्तम वळण घेऊनही मिळवलेलं अंतर हिसकावलं जातं, आणि दोनचार फेऱ्यांत ते कोणाच्याही लक्षात येतं.

आता वास्तवाची बाजू. २०१२ च्या ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये गिअर, आरसे, रिटार्डर (उतारावर ट्रकचा वेग आवरणारी ब्रेकची जोड) सगळं आहे, मजा त्यातच आहे. पण नकाशा साधारण १:१९, म्हणजे खऱ्या १९ किलोमीटरला गेममध्ये एक. बर्लिन ते हॅम्बुर्ग खरे सुमारे २९० किलोमीटर. या प्रमाणात ते १५ होतात आणि ताशी ८० ने अकरा-बारा मिनिटांत संपतात. गेममधलं घड्याळही त्याच पटीत पळतं. कापला आहे तो सरळ रस्त्याचा कंटाळा. स्टिअरिंगवरचा निर्णय शाबूत आहे. थकवा आणि दंड सेटिंगमधून बंद करता येतात. शेवटी ट्रेलर रिव्हर्समध्ये लावायचा असतो तिथे अवघड जागा घेतली तर जास्त गुण, सोपी घेतली तर कमी, आणि लावणं टाळलं तर पार्किंगचे गुण शून्य.