आठ मिनिटं, साडेसतरा तास

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमधल्या रेडहिल इथे खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत बसला होता. दुर्बिणीतून काचेवर पडलेलं सूर्याचं बिंब, त्यावर डागांचा मोठा पुंजका. आणि अचानक त्या पुंजक्यावर दोन पांढरेशुभ्र ठिपके लखलखले. त्याला आधी वाटलं, दुर्बिणीपुढच्या पडद्याला भोक पडून ऊन आत आलंय. तसं नव्हतं. कुणाला तरी दाखवावं म्हणून तो पळत बाहेर गेला. मिनिटभरात परत येतो तर ठिपके विझत चाललेले.

ती सौरज्वाला होती. डागांवरच्या पीळ बसलेल्या चुंबकीय रेषा तुटतात, पुन्हा जुळतात, आणि साठलेली ऊर्जा एका दमात मोकळी होते. तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात. त्यांच्याआधी वर्दी देणारं काही नसतं, कारण प्रकाशाच्या पुढे कोण धावणार? दिवस असलेल्या बाजूला शॉर्टवेव्ह रेडिओ मुका होतो. थोड्या वेळाने पूर्ववत.

बातम्यांत नाव गाजतं ते ज्वालेचं. खरा दणका बहुधा मागून येतो. अब्जावधी टन विद्युतभारित वायूचा ढग, स्वतःचं चुंबकत्व सोबत घेऊन. एरवी त्याला दोन-तीन दिवस लागतात. १८५९ साली तो सुमारे साडेसतरा तासांत आला. त्याने पृथ्वीचं चुंबकत्व हलवलं, आणि त्यामुळे तारायंत्राच्या तारांत वीज उतरली. अमेरिकेतल्या बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी चक्क बॅटऱ्या सोडवल्या आणि या आयत्या विजेवर संदेश पाठवले.

१३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेकमध्ये ही फुकटची वीज महागात पडली. तिथला खडक फारशी वीज वाहू देत नाही. प्रवाह वीजवाहिन्यांतच शिरला. दीड मिनिटात अख्खा प्रांत अंधारात. पुढचे नऊ तास.

आज ढग निघाला की दिसतो, कधी पोचेल याचा अंदाजही बांधता येतो. पण त्याच्या चुंबकत्वाची दिशा? ती दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीचं चुंबकीय कवच उघडतं. उत्तरेकडे असेल तर तोच ढग बराचसा बाजूने निघून जातो. हे पक्कं कळतं, तो १५ लाख किलोमीटरवरच्या यानांना ओलांडतो तेव्हा. तिथून पृथ्वी तासाभरावर. ढग वेगवान असेल तर पंधरा-वीस मिनिटांवर.

तेवढ्यात वीज नियंत्रण कक्षात भार कमी करायचा, बंद ठेवलेल्या वाहिन्या जोडून घ्यायच्या. आणि अंतराळ हवामानाचा अंदाज सांगणारे चुंबकत्वाची दिशा सांगणाऱ्या एकाच आकड्यावर डोळे लावून बसतात: अधिक म्हणजे उत्तर, उणे म्हणजे दक्षिण. अधिक, की उणे?