मीटर विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला का?

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे ‘हाय व्होल्टेज सप्लाय डिस्चार्ज कसा करावा’. म्हणजे त्यात साठून राहिलेली वीज कशी काढून टाकावी. तिकडे येतोच. पण आधी सप्लायच्या पॅनेलवरच्या डिजिटल मीटरबद्दल बोलू द्या, कारण माझी खरी तक्रार त्याच्याबद्दल आहे.

हा मीटर चालतो २३० व्होल्टच्या मेन्सवर. बटण बंद केलं की सगळ्यात आधी तोच विझतो. आत वीज साठवणारा २ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ किलोव्होल्टला भरलेला, म्हणजे २५ जूल ऊर्जा शिल्लक, आणि समोर आकडाच नाही! झाकण उघडायच्या नेमक्या वेळी मीटर मुका. निऑनच्या बत्तीवरही विसंबू नका. साधारण ६० व्होल्टच्या खाली ती विझतेच, आणि तिचा रेझिस्टर तुटला असेल तर पूर्ण दाबालाही, म्हणजे पूर्ण व्होल्टेजलाही, पेटत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की जो दाब मोजायचा त्याच दाबावर मीटर चालला पाहिजे. ५० मायक्रोअँपिअरचा काट्याचा मीटर आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० मेगोहमचा रेझिस्टर, एवढ्यात ५ किलोव्होल्टला काटा शेवटपर्यंत जातो. मेन्स गेली तरी तो दाखवत राहतो. सगळं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं.

आता १०० मेगोहम कसे करायचे? दहा मेगोहमचे दहा पाव वॉटवाले रेझिस्टर एकापुढे एक लावले तर प्रत्येकात जेमतेम २५ मिलिवॉट, हाताला गारच लागतात. पण प्रत्येकावर ५०० व्होल्ट येतात, आणि या आकाराच्या साध्या रेझिस्टरची मर्यादा बहुधा २५० ची असते. इथेच बरेच जण फसतात, वॉट बघतात आणि व्होल्ट विसरतात. त्यापेक्षा ३.३ मेगोहमचे तीस आणि १ मेगोहमचा एक लावा, म्हणजे प्रत्येकावर १६५ च्या वर जात नाही. ही साखळी डब्याच्या आतच ठेवा, मीटर तिच्या अर्थकडच्या टोकाला. मीटरच्या कॉइलवर दोन १एन४००७ डायोड उलटसुलट जोडा. कॉइल तुटली तर मीटरच्या टर्मिनलवर पूर्ण दाब येऊ शकतो, तो हे डायोड साधारण अर्ध्या व्होल्टवर रोखतात.

आणि आपला पावसाळा! जुलैत सोल्डरच्या फ्लक्सवर ओल धरते. साखळीला समांतर एक गिगोहमची गळती झाली तरी काटा दहा टक्के जास्त दाखवतो. गळती मीटरवरच झाली तर तो कमी दाखवतो, आणि ते जास्त वाईट. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, नीट वाळवा, मग वार्निश मारा.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा डिस्चार्ज भराभर सांगतो. ही साखळी एकटी कपॅसिटर रिकामा करायला बसली तर ५० व्होल्टपर्यंत यायला पंधरा मिनिटं घेईल. म्हणून १० मेगोहमचा ब्लीडर, म्हणजे कपॅसिटर आपोआप रिकामा करणारा रेझिस्टर, त्याला कायमचा जोडलेला हवा. तो हेच काम दीड मिनिटात करतो, पण चालू असताना त्यात अडीच वॉट उष्णता होते, तेवढी सोय ठेवा. बंद करण्याआधी काटा चढलेला डोळ्यांनी पाहा. जो आधी चढलाच नाही, त्याच्या शून्याला अर्थ नाही. मेन्सचा प्लग काढा, काटा खाली येऊ द्या. मग डिस्चार्ज काठीची, म्हणजे धातूचं टोक असलेल्या इन्सुलेटेड काठीची, तार आधी अर्थला लावा, आणि टोक कपॅसिटरला, १० किलोओहमच्या वायरवाउंड रेझिस्टरमधून. सरळ शॉर्ट केलंत तर ठिणगीने टर्मिनल भाजतं. त्यानंतरच थेट शॉर्टची तार लावा आणि काम संपेपर्यंत काढू नका, कारण रिकामा केलेला कपॅसिटरही आतल्या डायइलेक्ट्रिकमधून, म्हणजे पत्र्यांमधल्या इन्सुलेटरमधून, थोडा दाब पुन्हा उभा करतो.